फाल्गुन-चैत्रात उत्तर रत्नागिरी: कासवं, शिमगा आणि आंबा यांचा मेळ कसा घालावा

कोकणात पहिल्यांदा जाणारी माणसं कॅलेंडरवरची सलग सुट्टी शोधतात आणि मग तिथे काय बघायला मिळेल ते विचारतात. वसंतात हा क्रम उलटा करावा लागतो. मंडणगड, दापोली आणि गुहागर या तीन तालुक्यांच्या किनारपट्टीवर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलअखेर तीन मोठ्या गोष्टी घडतात. कासवांची पिल्लं समुद्रात जातात, गावोगावी शिमगा होतो आणि आंबा तयार होतो. या तिन्ही एकाच फेरीत मिळत नाहीत. दोन मिळू शकतात, पण त्यासाठी तिथी बघून निघावं लागतं.

आधी आठवडा ठरवा

फाल्गुनात होळीपौर्णिमेच्या आधीचे आठ-दहा दिवस आणि नंतरचे पाच, ही कासवं आणि शिमगा दोन्ही साधणारी वेळ आहे. हवा सकाळी अजून गार असते, पळस-पांगारा फुललेले असतात, काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा असतो. आंबा मात्र झाडावर कैरीच असतो. बाजारात पेट्या दिसतात, पण त्या आगापच्या, म्हणजे हंगामाआधीच्या, आणि महाग. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच वेळ धरावी.

चैत्र हा आंब्याचा आणि जत्रांचा. केळशीच्या महालक्ष्मीचा उत्सव चैत्रातच असतो. हापूस एप्रिलच्या मध्यापासून खऱ्या अर्थाने हाताशी येतो. कासवांची घरटी तोवर संपत आलेली असतात, उकाडा वाढलेला असतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर चैत्राच्या दुसऱ्या पंधरवड्यात किनाऱ्यावरचा बेत न केलेलाच बरा.

फाल्गुनात एक गोष्ट नवख्याला चकवते. पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की समुद्राचा वारा उशिरा सुटतो, आणि मग मार्चमध्येच दोन-तीन दिवस मे महिन्यासारखे तापतात. म्हणून रोज सकाळी ११ ते दुपारी ४ हा वेळ सावलीसाठी मोकळा ठेवा. त्या वेळेत किल्ला नको, समुद्रकाठची पुळण नको.

मुक्काम आणि प्रवास

रेल्वेने येणाऱ्यांसाठी दापोलीला खेड स्टेशन जवळचं, साधारण २८-३० किलोमीटर. गुहागरला चिपळूण, सुमारे ४५ किलोमीटर. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि शिमग्याच्या दिवसांत चाकरमानी गावाला येत असल्यामुळे ते लगेच भरतं. स्टेशनवरून एसटी आहे, पण वेळास, केळशी, हेदवी अशी गावं जोडत फिरायचं तर स्वतःचं किंवा भाड्याचं वाहन लागतंच.

मुंबईकडून गाडीने कासवांच्या वेळासला यायचं तर माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला या. तिथे सावित्रीची खाडी आहे. जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, गाडी चढवली की पलीकडे वेश्वी, आणि तिथून बाणकोटवरून वेळास. गाडी जेटीवर चढली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, आणि मगच उतरून वारा खायला जा. रविवारी दुपारनंतर परतणाऱ्यांची रांग लागते, तेव्हा त्या दिवशी उलट्या दिशेने जाणं चांगलं. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावला येता येतं.

आतले रस्ते वळणावळणाचे आणि चढउताराचे आहेत. नकाशा जी वेळ सांगतो तिची दीडपट धरा. पेट्रोल दापोलीत, मंडणगडात किंवा गुहागरात भरून घ्या, रोख पैसेही तिथेच काढा. वेळासमध्ये मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे यजमानांचा पत्ता कागदावर लिहून घ्या आणि पोचायची वेळ आदल्या दिवशीच कळवून ठेवा.

शिमग्यात घरगुती निवास शोधताना थेट विचारा: “तुमच्याकडे पालखी कधी आहे?” पालखीच्या दिवशी यजमानांचं सगळं घर देवाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असतं. जेवण उशिरा होईल, खोल्यांत पाहुणे असतील. हे आधी कळलं तर त्या दिवसाची गंमत दुप्पट होते, नाही कळलं तर विनाकारण कुरबूर.

भरती-ओहोटीचं गणित बोटांवर

ही एक गोष्ट शिकून आलात तर अर्धी सहल सुधारते. पूर्ण भरतीची वेळ काढायची तर तिथीच्या अंकाला तिनाने गुणा आणि चाराने भागा. अष्टमी असेल तर ८ × ३ = २४, भागिले ४, उत्तर ६. म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या आत. चतुर्थीला ३ वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला १५ धरून सव्वाअकरा. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायच्या. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून होडीच्या वेळेसाठी स्थानिक माणसालाच विचारायचं, पण दिवसाचा आराखडा मांडायला हे गणित पुरतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. उधाणाच्या दिवसांत संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी असते, पुळण रुंद आणि घट्ट होते, मुलांना पळायला आणि लांब चालायला तीच वेळ. भांगाच्या दिवसांत संध्याकाळी पाणी वर असतं, चालायला पट्टा थोडाच उरतो.

आता गाड्यांविषयी. दापोलीच्या कर्दे, मुरूड, लाडघर इथली ओहोटीची पुळण डांबरी रस्त्यासारखी दिसते आणि दरवर्षी कोणाची तरी गाडी तिथे रुतते. कारण असं की वरचा ओला थर घट्ट असतो आणि खाली भुसभुशीत. गाडी थांबली, वळली किंवा जोरात ब्रेक लागला की चाकं थर फोडून खाली जातात. एक्सलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरून खड्डा खोल करतं. तोवर भरती सुरू होते, आणि खारं पाणी इंजिनात किंवा वायरिंगमध्ये गेलं की खर्चाला अंत नाही. शिवाय वाळूत कासवांची घरटी असू शकतात. तेव्हा गाडी पुळणीवर नेऊच नका. चुकून रुतलीच तर चाकं फिरवणं त्याच क्षणी थांबवा, सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा आणि ट्रॅक्टरसाठी गावात माणूस पाठवा.

पोहण्यासाठी चढती भरती बरी, उतरतं पाणी वाईट. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे बाणकोट, आंजर्ले, दाभोळ अशा ठिकाणी, ओहोटीला पाणी जोरात बाहेर ओढतं. तिथे गुडघ्याच्या वर जाऊ नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, ओढ सुटली की मग आत या.

वेळास: कासवांच्या पिल्लांकडे कसं जावं

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. कासवांसाठी ते ओळखलं जाऊ लागलं ते २००२ पासून. त्या साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी कोल्हे-कुत्री उकरत आणि माणसंही विकायला नेत. आज गावातले कासवमित्र रात्री किनाऱ्यावर मादीचा माग शोधतात, अंडी अलगद काढून कुंपणातल्या सुरक्षित जागी तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि त्यावर तारीख लिहितात.

ही ऑलिव्ह रिडले कासवं. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात, आणि पिल्लं बाहेर यायला वाळूच्या उष्णतेनुसार ४५ ते ५५ दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, गार राहिली तर नर अधिक. दिवस असे उष्णतेवर ठरतात, म्हणूनच कोणतं घरटं कोणत्या दिवशी फुटेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. अंदाज असतो, हमी नसते.

नवखे इथेच फसतात. दुपारी पोचून संध्याकाळचा कार्यक्रम बघायचा आणि रात्री परत, असा बेत केला की निम्म्या वेळा हात हलवत परत जावं लागतं. पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सोडतात. किमान दोन वेळा, म्हणजे एक संध्याकाळ आणि दुसरी सकाळ, हाताशी ठेवा. तीन असतील तर उत्तम. निघण्याच्या आदल्या दिवशी यजमानांना फोन करून कोणत्या तारखांची घरटी शिल्लक आहेत ते विचारा. अंडी ठेवल्याला ४५ दिवस उलटून गेलेली दोन-तीन घरटी असली तर आशा बरी.

किनाऱ्यावर गावातून चालत जायचं. तिथे दोरी लावलेली असते, तिच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. कासवमित्र ती उचलतात तेव्हा खाली काही नसेल तर नसेल, असलं तर मुठीत मावेल एवढी, काळपट राखाडी पिल्लं वाळूत भिजलेल्या बटणांसारखी एकमेकांवर चढत असतात. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना सोडलं की ती आपापली चालू लागतात. मध्येच थांबतात, एखादं उलट तोंडाला लागतं, लाट आली की मागे ढकललं जातं आणि पुन्हा निघतं. त्यांना उचलून पाण्यात टाकण्याचा मोह होतो, पण तो आवरायचाच. ही चाल त्यांची त्यांनी पुरी करायची असते, आणि मोठं झाल्यावर अंडी घालायला परतणाऱ्या माद्यांना आपल्या किनाऱ्याची ओळख इथूनच लागते असं अभ्यासक मानतात.

फ्लॅश बंद. टॉर्च बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात. मुलांना पुढे बसवा, मोठ्यांनी मागे उभं राहा. सनस्क्रीनचे किंवा वाळूचे हात पिल्लाला लावायचे नाहीत, कारण हातच लावायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवांना पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरही अशीच घरटी राखतात, वेळासला गर्दी असेल तर तिकडे जा. शनिवार-रविवार टाळता आला तर मंगळवार-बुधवारी या.

चार दिवसांचा आराखडा

पहिला दिवस बाणकोटवरून वेळास, संध्याकाळी किनारा. बाणकोटचा किल्ला, हिंमतगड, वाटेवरच आहे आणि खाडीच्या तोंडाचं दृश्य तिथून सगळ्यात चांगलं दिसतं, अर्धा तास काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कासवं, न्याहारी करून केळशीमार्गे आंजर्ले. कड्यावरचा गणपती दुपार टळल्यावर बघा. मूर्ती उजव्या सोंडेची आहे, आणि आवाराबाहेरून खाली सुवर्णदुर्ग समुद्रात बसलेला दिसतो. संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव. होड्या लागल्या की किनाऱ्यावर सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, म्हाकूळ यांचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. घाऊक ढीग तुमच्या कामाचा नाही. बाजूला बसलेल्या मावश्यांकडून वाटे घ्या. कल्ला लाल, डोळा फुगीर आणि बोट दाबल्यावर मांस वर येतंय एवढं बघा. मुक्कामी आधी सांगून ठेवलं असेल तर करून मिळतं. होळीपौर्णिमेच्या दिवसांत होड्या किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या असतात, लिलाव त्या वेळी थंड असतो.

तिसरा दिवस सुवर्णदुर्गाचा. हर्णैवरून होडीने सकाळी लवकर जा. होडीवाल्याशी परतीची वेळ आणि माणशी दर पाण्यात उतरण्याआधी ठरवा. उतरताना पाय भिजतात, तेव्हा चपला वाळणाऱ्या हव्यात. किल्ल्यावर सावली फार थोडी, पाणी माणशी दोन लिटर न्या. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी हा एक. तुळाजी आंग्र्यांकडून १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला तो हाच. परत आल्यावर उन्हाच्या वेळी आसूदला जा. दापोलीपासून आठेक किलोमीटर. पोफळीच्या बागांतून पायवाट खाली ओढ्यावर उतरते, पूल ओलांडून पायऱ्या चढल्या की केशवराजाचं देऊळ. बाहेर गोमुखातून झऱ्याचं पाणी पडत असतं. भर मार्चातही त्या वाटेवर गारवा असतो, म्हणून तर ही जागा दुपारसाठी राखायची. पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.

चौथ्या दिवशी दाभोळ. तिथली जुनी मशीद आणि गुहेतली चंडिका बघून जेटीने वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे, मग गुहागर. व्याडेश्वर, दुर्गादेवी, सुरूच्या बनाआडची लांबलचक पुळण. पुढे वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीला बामणघळ बघायची तर भरती लागते. खडकातल्या चिरेत लाट घुसून पाणी वर उसळतं, ओहोटीला तिथे नुसता खडक. पौर्णिमेच्या आसपास असाल तर सावलीचा नियम तेवढा मोडून अकरा-साडेअकराला पोचा, अष्टमीच्या आसपास असाल तर सकाळी लवकर. पावसाळ्याएवढा फवारा वसंतात नसतो. चिरेच्या कडेला ओल्या खडकावर उभं राहू नका. तिथून चिपळूणला येऊन परत.

पाचवा दिवस असेल तर पन्हाळेकाजीची लेणी. दापोलीपासून ३० किलोमीटरच्या आसपास, कोटजाई नदीकाठी २९ लेणी, आणि माणसांची वर्दळ जवळजवळ नाही.

शिमग्यात पाहुण्याने कसं वागावं

इथला शिमगा एका रात्रीचा नाही. काही गावांत तेरसे शिमगा, म्हणजे त्रयोदशीला होम (होळी पेटवणं), काही गावांत भद्रे शिमगा, म्हणजे पौर्णिमेला. शेजारशेजारच्या गावांच्या तारखा वेगळ्या असतात, त्यामुळे एक होम चुकला तरी दुसरा सापडतो. ग्रामदेवतेला रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी देवळाबाहेर पडते, सहाणेवर (पालखीच्या ठरलेल्या चौथऱ्यावर) बसते आणि मग घरोघरी जाते. ढोल-ताशाच्या ठेक्यावर पालखी खांद्यावर नाचवतात, आणि काही गावांत पुरलेला नारळ पालखीने शोधून काढायचा असतो, त्याला खूण काढणं म्हणतात. गुहागरकडे काळ्या वेशातला, उंच टोपीचा आणि पांढऱ्या दाढीचा संकासुर मुलांच्या मागे लागतो. रात्री नमन-खेळे, म्हणजे इथलं लोकनाट्य.

सहाणेजवळ चपला काढा. फोटोआधी मानकऱ्यांना विचारा, ते सहसा नाही म्हणत नाहीत, पण विचारलेलं त्यांना बरं वाटतं. तुम्ही राहता त्या घरी पालखी येणार असेल तर ओटीसाठी नारळ आणि तांदूळ आणून ठेवा, गुरव किंवा गावकर तुमच्या नावाने गाऱ्हाणं घालतील. गाऱ्हाणं चालू असताना बोलू नका, “व्हय महाराजा” मध्ये मात्र आवाज मिळवा. पालखीला खांदा कोणी द्यायचा हे मानावर ठरलेलं असतं, बोलावल्याशिवाय पुढे होऊ नका. रात्री अरुंद रस्ते पालखीने अडतात, हॉर्न वाजवायचा नाही, गाडी बाजूला घेऊन उतरायचं.

ताटात काय मागावं, घरी काय न्यावं

फाल्गुनात ओल्या काजूगरांची उसळ आणि फणसाच्या कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी मागा. बाहेर वर्षभर मिळत नाही ते हेच. काजूगर शेकड्याच्या हिशोबाने विकतात. झाडावरचा काजू हौसेने तोडून फोडू नका, सालीतल्या तेलाने कातडी भाजते आणि चट्टे आठवडाभर राहतात. चैत्रात आंबेडाळ आणि पन्हं.

आंबा घेताना दलालापेक्षा बागेत जा आणि तीन गोष्टी विचारा: झेल्याने (जाळीच्या काठीने) देठासकट उतरवला का, कधी उतरवला, अढीत (पिकायला गवतात) किती दिवस आहे. देठ तुटून चीक सालीवर ओघळला की तिथे काळा डाग पडतो आणि फळ तिथूनच नासतं. दुसरा धोका साक्याचा. बाहेरून फळ सुरेख, कापल्यावर गर पांढुरका आणि स्पंजासारखा. फार पिकू दिलेला आणि उतरवल्यावर तापल्या जमिनीवर पडून राहिलेला आंबा साक्याला जास्त बळी पडतो. बाहेरून तो ओळखता येत नाही, म्हणून पेटी घेण्याआधी एक आंबा कापून दाखवायला सांगा, चांगला बागायतदार आनंदाने कापतो.

लांब न्यायचे तर पूर्ण पिकलेले घेऊ नका, अर्धवट कच्चे घ्या. बंद डिकीत भर उन्हात पेटी ठेवली की आंबा पिकत नाही, उकडतो. सीटवर, सावलीच्या बाजूला ठेवा आणि पेटीचं झाकण सैल असू द्या. घरी पोचल्यावर गवतात किंवा कागदात एकेरी थर लावा, देठ खाली करून. कच्चा आंबा फ्रिजमध्ये गेला तर त्याचं पिकणं तिथेच थांबतं. रोज एकदा वास घ्या, देठाजवळ दाबून बघा, आणि तयार झालेला त्याच दिवशी वेगळा काढा, नाहीतर त्याच्या संगतीने उरलेले एकदम पिकतात आणि चार दिवसांत पेटी संपवायची पाळी येते.